समोरच्याची बाजू

"दाखला द्या सर. पोरीला नगरला नेतो," छगन साळवे उभ्याउभ्याच म्हणाला. "तिथं डॉक्टरकीच्या परीक्षेचा क्लास हाय. हितं तुमी लॅटिन शिकवताय. ते तर आमच्या पाळकांनाबी येत न्हाई!"

कल्याण गायकवाड सर हसले. श्रीगोंद्याच्या रस्त्यावरच्या त्या छोट्या ख्रिस्ती शाळेचे ते मुख्याध्यापक. नेहमीच्या विषयांसोबत त्यांची मुलं लॅटिन, तर्क आणि वक्तृत्व शिकत. बायबलच्या तासाला प्रश्नही विचारत. छगन काष्टीच्या बाजारातला शेळ्या-बोकडांचा व्यापारी. त्याच्या बोलण्यापुढं गिऱ्हाईक टिकत नसे. पण त्याची मुलगी, नुकतीच दहावीत गेलेली दिशा, दोन दिवस त्याच्याशी बोलली नव्हती. आताही ती शेजारच्या खुर्चीत मान खाली घालून बसली होती.

"दाखला देतो," सर म्हणाले. "पण आमच्याकडं एक नियम आहे. वाद झाला की आधी समोरच्याची बाजू आपण मांडायची. तो 'हेच माझं म्हणणं' असं म्हणाला, की मगच आपलं बोलायचं. दिशा, पप्पांची बाजू मांड."

"आन् ह्यानं काय हुतं?"

"प्रभूनं शेजाऱ्यावर प्रेम करायला सांगितलंय, छगनराव. पण ज्याचं आपण नीट ऐकलंच नाही, त्याच्यावर प्रेम करणार कसं? आमचं व्याकरण, तर्क, वक्तृत्व, सगळी खटपट त्यासाठीच."

छगन खुर्चीत बसला. दिशानं डोळे पुसले.

"पप्पांना वाटतं, लॅटिन कुणी बोलत नाही," ती सुरुवातीला पाठ केल्यासारखं म्हणाली. "क्लासमधली मुलं पुढं निघून जातील आणि मी इथं वाद घालत बसेन." मग तिनं वडिलांकडं बघितलं. "पण खरं कारण ते नाही. मम्मीच्या ऑपरेशनच्या वेळी पुण्याचे डॉक्टर भराभरा इंग्रजीत बोलले. पप्पांना काही कळलं नाही. सगळ्या बाजाराला गप्प करणारे पप्पा नुसते 'हो, हो' म्हणत राहिले. मग बाहेर येऊन जिन्यात बसले. मी लांबून बघितलं. घरातच एक डॉक्टर असली, तर तशी वेळ पुन्हा येणार नाही, असं त्यांना वाटतं."

छगननं टोपी काढून मांडीवर ठेवली. जिन्यातलं त्यानं कुणालाच सांगितलं नव्हतं. बायकोला, रेश्मालासुद्धा नाही.

"हेच," तो कसाबसा म्हणाला. "हेच माझं म्हणणं."

"आता तुम्ही," सर म्हणाले.

"तिचं काय? तिच्या मैत्रिणी हितं हायत."

दिशानं मान हलवली. नाही.

"डॉक्टर व्हायचं न्हाई तिला."

"व्हायचंय, पप्पा."

छगन चक्रावला. "मग हितं कशाला राह्यचंय?"

"ते मी नाही सांगायचं. तुम्ही सांगायचं."

छगन विचारात पडला. गिऱ्हाइकाच्या मनातलं ओळखणं हा त्याचा धंदाच होता, पण पोरीच्या मनात शिरायला आजवर सवडच झाली नव्हती. खिडकीबाहेर मुलं कशावरून तरी हुज्जत घालत होती आणि मध्येच हसत होती.

"त्यो डॉक्टर," तो हळूहळू म्हणाला, "लई हुशार हुता. रेश्माला त्यानंच बरं केलं. पन त्यानं एकदाबी तिच्या तोंडाकडं बघितलं न्हाई. नुसत्या फायलीशीच बोलत हुता. क्लासला जाऊन तू त्याच्यासारखी हुशार हुशील." तो दिशाकडं वळला. "पन तुला माणसाचं ऐकून घेणारी डॉक्टर व्हायचंय. आधी माणूस, मंग औषध. ते हितं शिकवत्यात, म्हनून तुला हितं राह्यचंय. व्हय का गं?"

दिशानं मान डोलावली.

"झालं!" छगननं टेबलावर थाप मारली. "सर, पोरगी हितंच राहील."

"नाही पप्पा," दिशा एकदम म्हणाली. "मी क्लासला जाणार. तुमची बाजू मांडताना मला ती पटली."

"अगं, आत्ता मी काय बोललो?"

"आणि मी काय बोलले?"

"तू हितंच शिकायचं!"

"मी नगरला जाणार!"

आवाज चढले. शिपाई दारातून डोकावून गेला. गायकवाड सरांनी दोघांनाही थांबवलं नाही. त्यांनी चहा मागवला आणि खुर्चीत मागं रेलून ते ऐकत राहिले. चहा गार झाला, तेव्हा कुठं तोड निघाली. दहावी इथंच करायची आणि नगरचा क्लास सुट्टीत लावायचा. तेही दिशा मध्येच शाळा सोडायचं काढणार नाही आणि छगन क्लासला नको म्हणणार नाही, या अटीवर.

आयुष्यभर बाजारात घासाघीस केलेला छगन त्या दिवशी पहिल्यांदाच समोरच्याच्या फायद्यासाठी हटून बसला होता, आणि समोरची पोरगीही अगदी तशीच निघाली.