चेहरा वाचणारा

धायरीच्या ज्येष्ठ नागरिक संघात रोज बदाम सात खेळणाऱ्या माणसाला पोकर काय कळणार, असं सलिलचं वडिलांबद्दलचं स्वच्छ मत होतं. तरी संध्याकाळी घरी आल्यावर सोफ्यावर पसरून तो त्यांना शहाणं करायला बसला.

"बाबा, तुमचं ते बदाम सात म्हणजे पोरखेळ. हातात येतील ती पानं लावत बसायचं. पोकरला डोकं लागतं. समोरचा काय लपवतोय ते ओळखायचं आणि आपल्या चेहऱ्यावर काही दिसू द्यायचं नाही."

"अस्सं," श्यामराव म्हणाले. ते सिंकपाशी सलिलचा डबा घासायला घेत होते. निवृत्तीनंतर एवढंच काम उरलेल्या त्या माणसाची सलिलला कीव आली.

"तुम्हाला नाही जमायचं. बारीक लक्ष लागतं."

"खरंय." श्यामरावांनी डब्यातली कारल्याची भाजी ओल्या कचऱ्यात टाकली. "चार वर्षं तुझ्या डब्यातलं कारलं ऑफिसातल्या लिमये मॅडम आवडीने संपवायच्या, असं तूच सांगायचास. गेला महिनाभर ते जसंच्या तसं परत येतंय."

"मॅडम रजेवर आहेत," सलिल म्हणाला. चेहऱ्यावरची रेषही हलली नाही.

"असतील," श्यामरावांनी नळ बंद केला. "सकाळी मंडईत कारली घेताना भेटल्या. विचारत होत्या, सलिलला दुसरी नोकरी लागली का."