फरक शून्य

"अगं घोरपडी, शून्य आलंय की!" लॅबमधला दाढीवाला ओरडला, आणि तिच्या हातातला उंदीर सुटता सुटता राहिला.

घोरपड म्हणजे तीच. एकदा कशाला चिकटली की सुटायचं नाव नाही, म्हणून लॅबमधल्यांनी ठेवलेलं नाव. सध्या ती दोन औषधी पाल्यांचे अर्क एकत्र करून सूज उतरवायच्या मागे हात धुऊन लागली होती. एकेकटा अर्क ढिम्म. दोन्ही मिसळले, आणि थेट शून्य!

काम तसं साधं. उंदराच्या उजव्या पायात सूज आणणारं इंजेक्शन द्यायचं, डाव्याला सुईच लावायची नाही. अर्क पाजायचा. मग दोन्ही पाय आळीपाळीनं पाण्याच्या नळीत बुडवायचे. पाणी किती चढलं ते मोजून यंत्र उजव्यातून डावा वजा करणार आणि पडद्यावर नुसता फरक दाखवणार. फरक शून्य, म्हणजे सूज गेली. सोप्पं!

"बघ, एकही लंगडत नाहीये," ती म्हणाली.

"लंगडतायत कसले, हलतही नाहीयेत." दाढीवाला पिंजऱ्याशी वाकला. "नुसते बघतायत तुझ्याकडे."

"आराम पडलाय त्यांना. दृष्ट लावू नकोस."

पण ते बघणं तिच्या मागेच लागलं. जेवताना, केस विंचरताना, पाठीवर आपले ते लाल डोळे. पिंजऱ्यांतली खुडबुडही बंद झालेली. खोलीत शिरलं की वाटायचं, आत्ताच इथे कोणीतरी बोलायचं थांबलंय.

तरी तिनं अर्काची छोटी बाटली गुपचूप पर्समध्ये टाकलीच. घरी आई होती ना! आईचा उजवा गुडघा भोपळ्यासारखा सुजलेला. ऑपरेशन तिच्या हृदयाला झेपणार नव्हतं, डॉक्टरांनी हात टेकले होते. बिचारी सगळा भार डाव्या पायावर टाकून कशीबशी वावरायची.

"उंदरांचं उष्टं पाजतेस होय गं मला?" आईनं नाक मुरडलं.

"औषध आहे. पी मुकाट्यानं."

"शेपूट फुटलं तर तूच विंचरायचं हं!"

प्यायली. मग रोजच प्यायला लागली.

आई चालली की घरभर कळायचं. एक पाऊल पडायचं, दुसरं फरफटत यायचं. लहानपणीच्या अंगाईसारखा तो आवाज तिच्या कानात बसला होता. आणि एका दुपारी ती आतल्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत होती, तर बाहेरून पावलं आली. धप्प. धप्प. दोन्ही अगदी एकसारखी. फरफट गायब!

कपडे तिथेच टाकून ती धावली.

आई दाराची चौकट दोन्ही हातांनी धरून उभी होती.

"आई! लंगडत नाहीयेस तू! पडला ना फरक?"

"फरक?" आईनं गाऊन गुडघ्यांच्या वर उचलला. "आता काही फरकच राहिला नाही बघ. डावाही उजव्याएवढाच सुजलाय."