सावकाश पडणं

म्हातारपणी तोल जाऊ नये म्हणून आजोबांनी ताई-ची या संथ चिनी व्यायामाचा क्लास लावला आणि त्यांचं सगळंच संथ झालं. सकाळी दहाला स्वयंपाकघरात पाय घसरला, तर ते पडायलाही सावकाशच लागले. सुनेने फोनाफोनी केली. मुलगा ऑफिस सोडून धावत आला, त्याने खाली गादी अंथरली. दुपारपर्यंत लेकही परगावाहून पोचली. आजोबा अजून एका पायावर, तिरकेच.

"बाबा, पडताय की उभे राहताय? काय ते एकदा ठरवा!" मुलगा वैतागला.

"घाई करायची नाही, असं सरांनी बजावलंय."

मग वाट बघत सगळे गादीवरच बसले आणि बघता बघता गप्पांत रंगले. दोन वर्षांत पहिल्यांदाच.

आजोबांचा तोल खरं तर सव्वादहालाच सावरला होता.