घरट्यावरचं ऊन

अच्युत पांढरीपांड्याने बुलबुलाचा फोटो गठ्ठ्याच्या तळाशी घातला. कमलिनीने तो तिसऱ्यांदा उपसून वर ठेवला.

रविवारची दुपार होती. सतरंजीवर बावीस फोटो पसरले होते. इंदूरच्या एका छायाचित्र मंडळाने पशुपक्ष्यांच्या फोटोंची स्पर्धा ठेवली होती. तीनच फोटो पाठवायचे होते आणि पाकीट उद्याच्या टपालाने जायला हवं होतं. दोन ठरले होते. मोठ्या तलावाच्या काठी मासा आपटणारा खंड्या, आणि कोटऱ्याच्या माळावरची टिटवी. तिसऱ्यावर घोडं अडलं होतं.

"बगळ्यांचा पाठवू," अच्युत म्हणाला. "बघ कसे उभे आहेत. रेशनच्या रांगेत उभं राहावं तसे."

कमलिनी हसली नाही. हसणं तिने वर्षापूर्वीच सोडलं होतं. "मला हा आवडतो," एवढंच ती म्हणाली. वर्षभरात तिने कशालाच 'मला आवडतं' म्हटलं नव्हतं.

फोटो होताच तसा. करवंदीच्या जाळीत वाटीएवढं घरटं, त्यात तीन बिनपिसांची पिल्लं, आणि त्यांच्यावर दोन्ही पंख पसरून उभी असलेली मादी. शेजारच्या सक्सेनाबाई बघून गेल्या तेव्हा त्यांनी गालाला हात लावला होता. "देखो तो भाभीजी, कैसे ढाँप के खड़ी है बच्चों को!"

मादी का उभी होती, ते एकट्या अच्युतला ठाऊक होतं.

त्या काळी फिल्म मंद असायची, ऊन भरपूर लागायचं. घरट्याचा फोटो घ्यायचा तर आड येणाऱ्या फांद्या दूर कराव्या लागत. जाणते लोक त्या सुतळीने मागे बांधत आणि काम झालं की सोडून देत. अच्युतला तेवढा धीर नव्हता. बांधेपर्यंत ऊन कलेल, म्हणून त्याने कोयत्याने सपासप छाटल्या. मग कॅमेऱ्याच्या खटक्याला बांधलेली दोरी हातात धरून तो गोणपाटाच्या आडोशाला बसला. मेमधलं ऊन थेट घरट्यात उतरलं होतं. मादी आली, क्षणभर गोंधळली, मग तिने पंख उघडले आणि त्याने दोरी ओढली. अच्युत तेव्हा मनातल्या मनात नाचला होता.

दुसऱ्या दिवशी कचेरी सुटल्यावर तो पुन्हा गेला. पिल्लं वाळून गेली होती. मुंग्या लागल्या होत्या. मादी चोचीत अळी घेऊन येत होती, घरट्यात वाकून बघत होती, आणि अळी तशीच घेऊन परत जात होती. अंधार पडेपर्यंत तिचं तेच चाललं होतं आणि तोही तिथून हलला नव्हता.

तेव्हापासून ती त्याच्या मागेच लागली. कचेरीत नकाशावर रेघ ओढताना बुलबुल ओरडला की त्याचा हात थांबे. न्हाणीघराची खिडकी झाकून तो फोटो धुवायला बसे, तेव्हा रसायनाच्या पाण्यातल्या कोऱ्या कागदावर आधी उमटत ते दोन पंखच. बाकीचं सगळं मागून येई. त्याला त्या पंखांची भीती वाटायची. खरंच वाटायची.

आणि हे कमलिनीला सांगायचं कसं? नागपूरची राजधानी मोडली, फायलींबरोबर माणसंही भोपाळला निघाली. त्यांचा मुलगा उदय तेव्हा अडीच महिन्यांचा होता. "पाऊस पडला की निघू," असं ती म्हणत होती. पण मिळालेलं क्वार्टर हातचं जाईल म्हणून अच्युतने मे महिन्यातच बिऱ्हाड हलवलं. दिवसभराचा प्रवास, डबा तापलेला, खिडकीतून लूच्या झळा येत होत्या. ती सबंध वाटेत पदराचा आडोसा धरून बसली होती. इटारसीला बाळाने दूध तोंडात घेतलं नाही. भोपाळला उतरल्यावर तिसऱ्या दिवशी ते गेलं.

"एवढंसं लेकरू, तेही सांभाळता आलं नाही हिला," अच्युतची आई चारचौघांत म्हणाली होती. अच्युत तिथेच उभा होता. बिऱ्हाड कुणी हलवलं, हे त्याने सांगायला हवं होतं. तो खाली बघत राहिला. नवऱ्याशी कमलिनी तेव्हापासून कामापुरतंच बोले.

आता ती फोटो मांडीवर घेऊन बसली होती. हा काढून घ्यावा, तर वर्षाने तिचं कशात तरी मन लागलं होतं. पाठवावा, तर आयुष्यभर बक्षिसाच्या चौकटीतून ती मादी त्याच्याकडे बघत राहणार.

"हिची पिल्लं जगली का हो?" तिने विचारलं.

हो म्हणणं अगदी सोपं होतं. जिभेवर आलंही होतं.

"नाही," अच्युत म्हणाला. "मेली. उजेडासाठी मी फांद्या तोडल्या होत्या, कमल. तिथे सावली होती, ती मीच काढली."

आता ती फोटो टाकून देईल, उठून आत जाईल, म्हणून तो थांबला. ती उठली नाही. पदराने तिने फोटोवरची धूळ पुसली.

"ते मला पहिल्याच दिवशी कळलं," ती म्हणाली. "भर उन्हाळ्यात कुठलं पाखरू असं उघड्यावर घरटं बांधतं?"

अच्युतला तिच्याकडे बघवेना. "मग तरी हाच पाठवायचा?"

"हाच पाठवा," कमलिनी म्हणाली. "तिने पंख आखडते घेतले नव्हते, एवढं तरी चार लोकांना दिसू दे."