न धुतलेल्या नऊ विटा

केतकीच्या बालवाडीची नवी भिंत बांधायला घ्यायची, तर नऊच विटा कमी पडत होत्या, आणि लवू मेस्त्रींच्या वखारीत कोपऱ्यात नेमक्या नऊ पडून होत्या.

"त्या नकोत, ताई," मेस्त्री घाईने म्हणाले. "धुवायच्या राहिल्यात."

जिवंत मातीची वीट जुन्या घरातून निघाली, की चुन्याच्या निवळीत बुडवल्याशिवाय कुणी ती दुसरीकडे लावत नसे. त्या मातीतले जिवाणू घरच्यांच्या सवयी शिकत आणि त्याप्रमाणे भिंत गार किंवा उबदार करत. निवळीत बुडवलं की सगळं विसरून जात.

"मग बुडवा की आत्ता!" केतकीने एक वीट उचलली आणि ती दचकली. सावलीत पडलेली वीट हाताला माणसासारखी उबदार लागत होती.

"दोन वाजले ना," मेस्त्री खाली बघत म्हणाले. "आमच्याच स्वयंपाकघरातल्या त्या. जेवणं आटोपली की आमची ही तिथे पाठ टेकून बसायची. कंबर फार दुखायची तिची. तिला जाऊन चार वर्षं झाली. पण विटांना कोण सांगणार?"

केतकीने वीट खाली ठेवली नाही.

"बालवाडीत दीडला खिचडी असते, मेस्त्री. दोनला पोरं भिंतीला लागून झोपतात. न धुताच द्या."

मेस्त्रींनी एकदा निवळीच्या टाकीकडे बघितलं. मग त्यांनी तिच्या हातातली वीट घेतली आणि खांद्यावरच्या पंच्याने हलकेच पुसली.

"अगदी खालच्या थरात लावा हां," ते म्हणाले. "ती जमिनीवरच बसायची."