बिनमिठाचं वरण

पातेल्यावर पळी खणकन वाजली आणि घरातली शांतता मोडली. दहा दिवस बौद्ध भिक्खुणीसारखं राहायच्या श्रामणेरी शिबिराचा आज दहावा, शेवटचा दिवस. मुंडण केलेली, भिक्खुणीचं भगवं चीवर पांघरलेली सुमेधा आपल्याच घरात भिक्षापात्र धरून उभी होती. "दहा दिवस टिकायची नाहीस तू," म्हणणाऱ्या सासूबाईंनी वरण-भात वाढला.

एरवी मिठावरून रोज कुरकुरणारी सुमेधा शेवटच्या शितापर्यंत समाधानाने जेवली.

नंतर सासूबाईंनी वरण चाखलं आणि कपाळाला हात लावला. "मीठच नव्हतं की गं! बोलली का नाहीस?"

"पात्रात पडेल ते गोड," सुमेधा हसली.

सासूबाईंनी पदर सावरला, दुखरे गुडघे टेकले आणि चीवरातल्या सुनेला तीनदा वंदन केलं.

दारातून लेक डोळे विस्फारून बघत होती. "आई, उद्या तू साडी नेसलीस की आजी परत तुला ओरडेल का गं?"