पाहुण्यांची बिस्किटं

आठवडाभराच्या सुट्टीसाठी भाड्याने घेतलेल्या त्या जुन्या दगडी घरात शिरल्याशिरल्या मेव्हिसने फळीवरून बोट फिरवून धूळ पाहिली, पलंगाखाली डोकावली आणि चादरीचे कोपरे ओढून पुन्हा खोचले. तिचा नवरा क्लिफ टेबलावरच्या बिस्किटांना हात घालणार, तोच ती ओरडली, "ठेव ती! पाहुण्यांसाठी आहेत."

"मग आपण कोण, चोर?" त्याने दोन उचललीच. "बूट काढ आणि पड बघू जरा."

कुरकुरत ती आडवी झाली. उतरत्या छपराखालच्या त्या बुटक्या खिडकीतून उभ्याने नुसता मॅटलॉक गावाचा रस्ता दिसायचा. पडल्यावर मात्र समोर टेकडी होती, आणि टेकडीवर उन्हात चमकणारा किल्ला.

"अय्या, खरंच दिसतो की रे! मला वाटायचं, पाहुणे त्या अभिप्रायाच्या वहीत उगाच लिहून जातात."

"बावीस वर्षं दर शनिवारी हाच पलंग आवरतेयस," क्लिफ घास सांभाळत म्हणाला, "एकदा तरी पडून बघायचंस!"

"कामाच्या वेळी?" मेव्हिस फणकारली. मग किल्ल्यावरची नजर न हलवता तिने हात पुढे केला.

"आण इकडे एक बिस्कीट."